वीरगळावरचा सूर्य : नाईक यशवंत घाडगे आणि सैनिकस्मरणाची परंपरा

पुणे शहराच्या दक्षिण भागात गुलटेकडीवर वसलेल्या घाऊक बाजाराच्या आवाराला लोक नुसते ‘मार्केट यार्ड’ म्हणतात. या आवाराचा कारभार पुणे कृषी उत्पन्न बाजार समितीकडे असून फळे, भाजीपाला, कांदा-बटाटा, फुले आणि गूळ-भुसार अशा विभागांत तेथे रोज माल उतरतो. मावळ, मुळशी, भोर, पुरंदर यांसारख्या जवळच्या तालुक्यांतून, तसेच सातारा आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या जिल्ह्यांतून येणारा हा माल अडत्याच्या गाळ्यावर विकला जातो. अडत्या म्हणजे शेतकऱ्याचा माल स्वतः विकत न घेता त्याच्या वतीने विकून देणारा व्यापारी. विक्री झाल्यावर तो शेतकऱ्याला ‘पट्टी’ देतो, म्हणजे वजन, भाव, हमाली, तोलाई आणि हाती येणारी रक्कम मांडलेला हिशेबाचा कागद, आणि त्या कागदावर शेतकऱ्याचे नाव असते.

ज्या मुलखातून हा माल पुण्याच्या बाजारात येतो, त्याच मुलखातून आणि सह्याद्रीचे घाट उतरून लागणाऱ्या कोकणपट्टीतून दीडशे-दोनशे वर्षे फौजेसाठीही माणसे गोळा होत आली. पाऊस बेभरवशाचा, जमीन डोंगरउताराची आणि वाटण्या होता होता तुकड्यांची झालेली, त्यामुळे घरातला एक भाऊ नांगरामागे आणि दुसरा पलटणीत ही या गावांची जुनी रीत होती, आणि पलटणीतून येणारी मनिऑर्डर हा कित्येक घरांच्या जमाखर्चातला ठरलेला आकडा होता. या देवघेवीत गावाने दिलेल्या मालाची नोंद नावानिशी झाली. गावाने दिलेल्या माणसांची नोंद मात्र नेहमीच तशी झाली नाही. युद्धात मेलेल्या तरुण शिपायाचे स्मरण महाराष्ट्रात कोणकोणत्या रूपांत केले गेले, त्यात त्याच्या नावाला केव्हा जागा मिळाली आणि नाव कोरले गेल्यावरही ते जिवंत राहण्यासाठी आणखी कशाची गरज असते, याचा विचार दुसऱ्या महायुद्धात इटलीत वयाच्या बाविसाव्या वर्षी कामी आलेल्या नाईक यशवंत घाडगे यांच्या उदाहरणातून नीट करता येतो.

या स्मरणाचे महाराष्ट्रातील सर्वांत जुने आणि सर्वदूर आढळणारे रूप म्हणजे वीरगळ. ‘गळ’ हा शब्द कन्नडमधील ‘कल्’, म्हणजे दगड, या शब्दाशी जोडला जातो. तेव्हा वीरगळ म्हणजे वीराचा दगड. शिलाहार आणि यादव यांच्या काळात असे दगड मोठ्या संख्येने उभारले गेले आणि आजही ते गावाच्या वेशीवर, देवळाच्या आवारात, पाराखाली किंवा शेताच्या बांधावर दिसतात. सातारा जिल्ह्यातील किकली या गावी भैरवनाथाच्या देवळाभोवती त्यांची मोठी संख्या आहे, तर मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर नौकायुद्धाचे देखावे कोरलेले आहेत. वीरगळाची रचना बहुधा ठरलेली असते. दगडावर एकावर एक चौकटी असतात आणि त्या खालून वर वाचायच्या असतात. सर्वांत खाली वीराचे मरण, कधी शत्रूशी लढताना तर कधी गावाची गुरे पळवणाऱ्यांना अडवताना आलेले. त्यावर अप्सरा त्याला स्वर्गाकडे घेऊन जात आहेत असे दृश्य. त्याच्याही वर तो शिवलिंगाची पूजा करीत बसलेला. आणि शेंड्यावर कलशाच्या दोन्ही बाजूंना सूर्य आणि चंद्र. सूर्य-चंद्र आकाशात आहेत तोवर ही कीर्ती टिकेल, असा या दोन आकृत्यांचा अर्थ आहे, आणि जुन्या दानपत्रांतील ‘आचंद्रार्क’ हा शब्द तीच मुदत सांगतो.

वीरगळाने मेलेल्याला गावाच्या देवस्थानाशेजारी जागा दिली, त्याच्या मरणाचे कारण सांगितले आणि सणावारी त्याच्यावर शेंदूर आणि फूल चढेल अशी सोयही केली. एक गोष्ट मात्र बहुतेक वीरगळांवर नाही, आणि ती म्हणजे नाव. लेख असलेले वीरगळ थोडे आणि मुके वीरगळ पुष्कळ, अशी स्थिती असल्यामुळे दगडावरचा माणूस कोणत्या घरातला, कोणाचा मुलगा, कोणत्या वयाचा हे ज्या पिढीला ठाऊक होते ती पिढी गेली की वीर उरतो आणि व्यक्ती नाहीशी होते. आकृतीतून होणारे हे स्मरण गावापुरते पुरेसे होते, कारण वीर गावाच्याच शिवेवर पडलेला असे आणि त्याची हकिगत सांगणारी तोंडे जवळच असत. शिपाई समुद्रापार जाऊन मरू लागला, तेव्हा हा आधार तुटला.

पुण्याच्या परिसरात साध्या शिपायांची नावे दगडावर कोरली गेल्याचे एक लवकरचे आणि महत्त्वाचे उदाहरण कोरेगाव भीमा येथील जयस्तंभाचे आहे. 1 जानेवारी 1818 रोजी पेशव्यांच्या फौजेशी झालेल्या लढाईत ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूने जे शिपाई पडले, त्यांपैकी 49 जणांची नावे या स्तंभावर आहेत, आणि त्यांतील 22 महार शिपायांची आहेत. नावाच्या शेवटी येणाऱ्या ‘नाक’ या प्रत्ययावरून ती ओळखता येतात. स्तंभ उभारणाऱ्या कंपनीचा हेतू आपला विजय मिरवण्याचा होता. परंतु कोरलेल्या नावांनी पुढे वेगळेच काम केले. 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर या ठिकाणी आले, आणि ज्यांना समाजव्यवस्थेने मान नाकारला होता त्यांच्या पूर्वजांच्या शौर्याचा लेखी पुरावा म्हणून तो स्तंभ एका मोठ्या समाजाच्या वार्षिक रिवाजाचा भाग झाला. स्मारक बांधणाऱ्याचे राज्य गेले, तरी स्मरण करणाऱ्यांनी स्वतःचा दिवस ठरवल्यामुळे नावे वाचली जात राहिली. दगड, नाव आणि ठरलेला दिवस या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय घडते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

पहिल्या महायुद्धाने मात्र हा क्रम उलटा फिरवला आणि नावाची जागा आकड्याने घेतली. पुण्याचे नाव धारण करणारी सहावी पुणे डिव्हिजन 1914 च्या अखेरीस मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, उतरली. डिव्हिजन म्हणजे पायदळ, तोफखाना आणि इतर दले मिळून झालेली हजारो सैनिकांची स्वतंत्रपणे लढू शकणारी रचना. तिच्या तीन ब्रिगेडांत 103 वी मराठा लाइट इन्फन्ट्री, 110 वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि 117 वी मराठा अशा तीन मराठा पलटणी होत्या. बगदादच्या दिशेने गेलेली ही फौज माघार घेऊन टायग्रिस नदीच्या वळणावरील कुत-अल-अमारा या गावात आली, तेथे 7 डिसेंबर 1915 रोजी तिला वेढा पडला आणि जवळपास पाच महिन्यांच्या उपासमारीनंतर 29 एप्रिल 1916 रोजी तिने तुर्की फौजेपुढे शरणागती पत्करली. वेढ्यात धान्य संपत आले तेव्हा घोड्यांचे मांस खाण्याची पाळी आली आणि धर्माच्या बंधनामुळे अनेक हिंदी शिपायांनी ते दीर्घ काळ नाकारले; शरणागतीनंतर कैद्यांना वाळवंटातून पायी चालवत नेण्यात आले आणि त्यांतील अनेकांना रेल्वेमार्गाच्या कामावर जुंपण्यात आले. लढाईत मेले त्यांच्याइतकेच वाटेवर आणि छावण्यांत आजाराने, उपासमारीने मेलेलेही या मोहिमेचेच बळी होत.

या मृतांसाठी 1929 मध्ये बसरा येथे भव्य स्मारक उभारले गेले. मेसोपोटेमियात पडलेल्या आणि ज्यांचे थडगे ज्ञात नाही अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांसाठी ते होते. मात्र ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे तेथे कोरली गेली असताना साध्या हिंदी शिपायांची नोंद पलटणीच्या नावापुढे केवळ संख्येने करण्यात आली. राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोग, म्हणजे 1917 मध्ये स्थापन झालेली आणि ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूने लढून मेलेल्या सैनिकांची थडगी व स्मारके सांभाळणारी संस्था, हुद्दा, वंश वा धर्म यांवरून मृतांत भेद न करण्याचे तत्त्व सांगत आली होती. त्याच संस्थेने 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात हे तत्त्व आफ्रिकी, आशियाई आणि पश्चिम आशियातील सैनिकांच्या बाबतीत पाळले गेले नसल्याचे मान्य केले: सुमारे 45 ते 54 हजार मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले, तर किमान 1 लाख 16 हजार आणि कदाचित त्याहून कितीतरी अधिक मृतांची नावे कोठेही कोरली गेली नाहीत. एका शतकानंतर दिलेली ही कबुली उशिराची असली तरी महत्त्वाची आहे, कारण नाव न कोरणे ही विसरभोळेपणाची गोष्ट नव्हती, तर साध्या शिपायाला व्यक्ती न मानण्याचा तो निर्णय होता, हे तिच्यामुळे कागदावर आले.

गावांतही याच काळात आकड्याचेच स्मारक आले. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने महाराष्ट्रातील कित्येक गावांत, चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत, छोट्या शिला बसवल्या. या गावातून 1914 ते 1919 च्या महायुद्धात इतके लोक गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर त्यांवर असे; गेलेल्यांचा एक आकडा आणि मेलेल्यांचा दुसरा. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव तर ‘अपशिंगे मिलिटरी’ याच नावाने ओळखले जाते, आणि पहिल्या महायुद्धात या एका गावाचे 46 जण कामी आल्याचे तेथे आजही अभिमानाने सांगितले जाते. वीरगळावर नाव नसले तरी माणसाची आकृती होती. या शिलांवर आकृतीही नव्हती. तरीही अपशिंग्यासारख्या गावांत घराघरांतून फौजेत जाण्याची रीत चालू राहिल्यामुळे शिलेवरच्या आकड्यामागची माणसे पुढच्या पिढ्यांच्या बोलण्यात जिवंत राहिली, आणि दगडाने जे केले नाही ते गावाने केले.

1922 मध्ये हिंदी फौजेची पुनर्रचना झाली तेव्हा निरनिराळ्या क्रमांकांच्या मराठा पलटणी एकत्र करून ‘पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री’ ही रेजिमेंट तयार करण्यात आली. रेजिमेंट हे पायदळाचे कुटुंब असते आणि प्रत्यक्ष लढायला जाणाऱ्या सात-आठशे सैनिकांच्या तुकड्यांना बटालियन, किंवा जुन्या बोलीत पलटण, म्हणतात. ‘लाइट इन्फन्ट्री’ म्हणजे हलक्या शस्त्रसामग्रीनिशी वेगाने हालचाल करणारे पायदळ. कुतच्या वेढ्यात सापडलेली 110 वी पलटण या रचनेत रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली आणि दुसऱ्या महायुद्धात पुन्हा समुद्रापार गेली. 1941 मध्ये एरिट्रियातील केरेनच्या डोंगरांत ती इटालियन फौजेशी लढली, आणि तीन वर्षांनंतर दहाव्या भारतीय डिव्हिजनमधून इटलीच्याच भूमीवर, या वेळी जर्मन फौजेविरुद्ध, उभी ठाकली. तिच्यातील एका तुकडीचे नेतृत्व नाईक यशवंत घाडगे यांच्याकडे होते.

यशवंत घाडगे यांचा जन्म 16 नोव्हेंबर 1921 रोजी तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात पळसगाव येथे झाला. पुण्याहून मुळशी धरणाच्या कडेने ताम्हिणी घाट उतरून जाणारा रस्ता माणगावला पोहोचतो; देशावरचा मावळ आणि घाटाखालचा हा भातशेतीचा पट्टा यांना सह्याद्रीची एकच रांग वेगळे करते. पाऊस उदंड, पण पीक मुख्यतः एकच, अशा या भागातून मुंबईच्या गिरण्यांत आणि फौजेत माणसे जात. घाडगे फौजेत गेले आणि नाईक या हुद्द्यापर्यंत पोहोचले. बाहीवर दोन फिती असणारा नाईक एका सेक्शनचा, म्हणजे सुमारे दहा जणांच्या सर्वांत लहान लढाऊ तुकडीचा, प्रमुख असतो. तो आपल्या माणसांबरोबर खातो, झोपतो आणि हल्ल्याच्या वेळी त्यांच्या पुढे धावतो.

4 जून 1944 रोजी रोम दोस्त राष्ट्रांच्या हाती आले, तेव्हा जर्मन फौज पळून गेली नव्हती. उत्तरेकडे ‘गॉथिक लाइन’ या नावाची तटबंदीची रेषा तयार होत होती आणि ती पुरी होईपर्यंत वेळ मिळावा म्हणून जर्मन पथके प्रत्येक टेकडी आणि प्रत्येक नदीकाठ लढवत मागे सरत होती. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, उंब्रिया प्रांतात, द्राक्षमळे आणि ऑलिव्हच्या बागा असलेल्या उतारांवर मशीनगनची ठाणी दडवलेली होती, आणि उघड्या उतारावरून चढत जाणाऱ्या पायदळाला ती अगदी जवळ पोहोचेपर्यंत दिसत नसत. 10 जुलै 1944 रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या एका कंपनीने अशाच भक्कम ठाण्यावर हल्ला केला. घाडगे यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि काही क्षणांत त्यांच्याखेरीज तुकडीतील प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला.

पुढे जे घडले त्याचा तपशील शौर्यपदकाच्या अधिकृत निवेदनात नोंदलेला आहे. बरोबर यायला आता कोणीही उरलेले नाही हे माहीत असूनही घाडगे न थांबता मशीनगनच्या रोखाने धावले. त्यांनी प्रथम हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा सैनिक निकामी केला, मग आपल्या टॉमीगनने, म्हणजे हातात धरून झाडायच्या स्वयंचलित बंदुकीने, दुसऱ्याला टिपले. काडतुसांची पेटी बदलायला वेळ नव्हता, तेव्हा त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि तिच्या दस्त्याच्या घावांनी उरलेल्या दोघांना ठार केले. ठाणे त्यांच्या एकट्याच्या हाती आले. पण दडून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि जिंकलेल्या ठाण्यातच त्यांनी प्राण सोडला. बावीस वर्षांच्या आयुष्याचा हा शेवट वीराचा होता, आणि तितकाच तो काही क्षणांतच आपली सारी तुकडी कोसळताना पाहिलेल्या एका मुलाचाही होता. एका बाजूच्या गौरवात दुसऱ्या बाजूचे दुःख हरवू देणे या मरणाला न्याय देणारे ठरणार नाही.

2 नोव्हेंबर 1944 रोजी घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. 1856 मध्ये सुरू झालेला हा ब्रिटिश साम्राज्याचा सर्वोच्च शौर्यसन्मान हिंदी सैनिकांसाठी 1911 मध्ये खुला झाला होता. पुढे 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीच्या काठी जखमी साथीदारांना वाचवून शत्रूची ठाणी मोडणाऱ्या शिपाई नामदेव जाधव यांनाही तो मिळाला. जाधव हे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले. ते जिवंत परतले. इटलीच्या मोहिमेत दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय सैनिकांना मिळाले, आणि त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे हे दोघे होते. या मोहिमेत पन्नास हजारांहून अधिक भारतीय सैनिक लढले, त्यांतील बहुतेकांचे वय 19 ते 22 च्या दरम्यान होते आणि 5,782 जण परत आले नाहीत.

तरीही स्वतंत्र भारताच्या सार्वजनिक आठवणीत या पिढीला मोठी जागा मिळाली नाही, आणि त्याची कारणे समजून घ्यावी लागतात. 1942 च्या ‘छोडो भारत’ आंदोलनानंतर महात्मा गांधी पुण्यातील आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध होते. तेथेच 22 फेब्रुवारी 1944 रोजी कस्तुरबांचे निधन झाले आणि 6 मे 1944 रोजी गांधीजींची सुटका झाली. त्यानंतर दोन महिन्यांनी टायबरच्या खोऱ्यात घाडगे पडले. एकाच काळात एक हिंदुस्थान साम्राज्याविरुद्ध तुरुंगात होता आणि दुसरा त्याच साम्राज्याच्या गणवेशात फॅसिस्ट आणि नाझी सत्तांविरुद्ध लढत होता. स्वातंत्र्यानंतर लिहिल्या गेलेल्या इतिहासाने पहिल्याला मान दिला, हे उचित होते. पण दुसऱ्याविषयी तो संकोचून गप्प राहिला, हे अन्यायाचे होते. घरची शेती, पलटणीची इभ्रत आणि शेजारी लढणाऱ्या साथीदाराशी असलेली निष्ठा या तिन्हींपोटी गेलेल्या बावीस वर्षांच्या तरुणाकडून साम्राज्याच्या राजकारणाचा जाब मागता येत नाही.

घाडगे यांचे थडगे नाही. इटलीतील कॅसिनो येथील युद्धस्मशानभूमीत उभारलेल्या स्मारकावर, ज्यांचे थडगे ज्ञात नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांच्या नावांत त्यांचे नाव कोरलेले आहे. बसऱ्याच्या भिंतीवर ज्या पलटणीच्या शिपायांना फक्त आकडा मिळाला होता, त्याच पलटणीच्या वारसदार बटालियनमधील नाईकाला कॅसिनोच्या भिंतीवर नाव मिळाले. दोन युद्धांच्या स्मारकांमधल्या काळात स्मरणाच्या रीतीत झालेला हा बदल एका ओळीइतका लहान आहे, पण मानवी मोलाच्या दृष्टीने तो फार मोठा आहे.

याच बदललेल्या रीतीचे पुण्यातील रूप खडकी येथील युद्धस्मशानभूमीत पाहता येते. पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी विखुरलेल्या आणि ज्यांची कायमची निगा राखणे शक्य नव्हते अशा दुसऱ्या महायुद्धातील थडग्यांना एकत्र आणण्यासाठी ती तयार झाली. तेथे 1,668 सैनिकांच्या सारख्या उंचीच्या शिला ओळींनी उभ्या आहेत, आणि पहिल्या महायुद्धात भारतात मरण पावलेल्या अठराशेहून अधिक सैनिकांची नावे तेथील स्मारकावर आहेत. दूरदेशाहून येऊन या मातीत पुरलेल्या त्या मुलांच्या शिला पुण्याचे माळी सांभाळतात, जसे माणगावच्या मुलाचे नाव इटलीतले माळी सांभाळतात. युद्धाने घडवलेल्या या अदलाबदलीत दोन्हीकडच्या आयांना आपल्या मुलाची जागा पाहणे बहुधा अशक्यच होते.

नाव कोरले गेले की काम संपते, असे मात्र नाही. माणगावात तहसील कार्यालयासमोर घाडगे यांचा पुतळा उभारला गेला, आणि सातबाऱ्याचा उतारा किंवा दाखला काढायला येणाऱ्या माणसाच्या रोजच्या वाटेवर तो आला. त्यांची बटालियन स्वातंत्र्यानंतर पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. नाव बदलले तरी तिच्या इतिहासात हे प्रकरण राहिले. दैनंदिन व्यवहाराच्या वाटेवर नाव ठेवण्याची ही रीत पुण्यातही आहे. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा जन्म 14 ऑक्टोबर 1950 रोजी पुण्यात झाला. 1817 मध्ये पुण्यातच पाया घातल्या गेलेल्या ‘पूना हॉर्स’ या रणगाडा रेजिमेंटमधून लढताना, पेटलेला रणगाडा सोडण्यास नकार देऊन, 16 डिसेंबर 1971 रोजी ते बसंतरच्या लढाईत एकविसाव्या वर्षी कामी आले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील संचलनाचे मैदान त्यांच्या नावाने आहे, त्यामुळे त्यांच्याच वयाची मुले त्या नावाच्या मैदानावर पावले टाकत अधिकारी होतात. घोरपडीजवळ 1998 मध्ये नागरिकांच्या वर्गणीतून उभारलेले राष्ट्रीय युद्धस्मारकही याच विचाराचे फळ आहे: स्मारक सरकारने दिलेले नव्हे, तर शहराने आपल्या खिशातून उभे केलेले.

घाडगे यांच्या स्मरणाचा पुढचा टप्पा मात्र ते जेथे पडले त्या भूमीनेच गाठला. टायबरच्या वरच्या खोऱ्यातील मोंतोने या डोंगरावरच्या लहानशा गावाने आणि इटलीतील लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनी मिळून जुलै 2023 मध्ये ‘यशवंत घाडगे सूर्यघटिका स्मारक’ उभारले. सूर्यघटिका म्हणजे उभ्या काठीच्या सावलीवरून दिवसाची वेळ दाखवणारे जुने यंत्र. स्मारकावरील लॅटिन वचनाचा आशय असा, की आपण सारे एकाच सूर्याखाली जगतो. ज्यांची भाषा घाडगे यांना येत नव्हती आणि ज्यांच्या गावाचे नावही त्यांनी कदाचित हल्ल्याच्या आदेशातच ऐकले असेल, त्या लोकांच्या नातवंडांनी त्यांना आपलेसे केले. मुक्त झालेल्या गावाने मुक्त करताना मेलेल्याचे ऋण मानले, आणि त्यासाठी त्याने तलवार, घोडा किंवा तोफ न निवडता सूर्य निवडला.

या निवडीमागे महाराष्ट्रातील वीरगळाची कल्पना असण्याचे कारण नव्हते, पण अर्थाच्या दृष्टीने दोन्ही एकाच ठिकाणी येऊन मिळतात. वीरगळाच्या शेंड्यावर कोरलेला सूर्य हा मुदतीचा साक्षीदार होता; तो दगडात स्थिर होता आणि कीर्ती टिकेल असे आश्वासन देत होता. मोंतोनेच्या स्मारकावरचा सूर्य खराखुरा आहे, तो रोज उगवतो, त्याची सावली रोज सरकते आणि वेळ पाहायला येणाऱ्याला त्या वेळेबरोबर एक मराठी नावही वाचावे लागते. आकृती, आकडा, नाव आणि मग दिवस असा सैनिकस्मरणाचा जो प्रवास वीरगळापासून बसरा आणि कॅसिनोमार्गे मोंतोनेपर्यंत झाला, त्यात प्रत्येक टप्प्याने काही मिळवले. वीरगळाने माणसाला गावात जागा दिली, कोरेगावच्या स्तंभाने नावाला ताकद दिली, बसऱ्याच्या आकड्याने नाव नसण्याची किंमत दाखवली आणि सूर्यघटिकेने स्मरणाला माणसाच्या रोजच्या दिवसात आणून बसवले.

पळसगावचे यशवंत घाडगे या प्रवासाच्या शेवटाशी उभे आहेत, परंतु त्यांच्याच सेक्शनमधले, त्याच दिवशी त्याच मशीनगनपुढे कोसळलेले साथीदार, कुतच्या वेढ्यात उपाशी मेलेले मावळचे शिपाई आणि गावशिलांवरच्या आकड्यांत दडलेली शेकडो मुले अजून त्याच्या आरंभाशी आहेत. पलटणींच्या नोंदवह्या, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, मनिऑर्डरींच्या पावत्या आणि गावोगावच्या घरांत जपलेली पदके यांतून ही नावे गोळा करून ज्या त्या गावच्या शिलेशेजारी लिहिणे, हे महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींना, शाळांना आणि इतिहासमंडळांना शक्य असलेले काम आहे. गुलटेकडीच्या बाजारात शेतकऱ्याच्या नावाशिवाय एक पोतेही पट्टीवर चढत नाही. त्याच शेतकऱ्याच्या घरातून पलटणीत गेलेला मुलगा नावाशिवाय नोंदला जावा, ही चूक शंभर वर्षांनंतरही दुरुस्त करण्याजोगी आहे, आणि ती दुरुस्त होईपर्यंत वीरगळावरच्या सूर्याने दिलेले वचन अपुरेच राहील.